तालीम घाटावर, शाळा घाटाखाली: शालेय कुस्तीची गोष्ट

आज कुस्ती. 'मालवणचो माणूस नि कुस्तीवर बोलतलो?' असं आमच्या ग्रुपवर आधीच विचारून झालंय. हो, बोलतलो. कारण एक साधी गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसते. शालेय खेळांच्या रचनेत सिंधुदुर्ग जिल्हा कोल्हापूर विभागात येतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही शिडी. आता विचार करा. आपल्याकडचं पोर जिल्हा जिंकून वर जातं आणि विभागाला समोर उभा असतो कोल्हापूर, सांगली किंवा साताऱ्याचा पोरगा. त्याचा आजा पैलवान, काका पैलवान, गल्लीच्या तोंडाशी तालीम. आपल्या पोराने मॅट कदाचित जिल्ह्याच्या स्पर्धेतच पहिल्यांदा पाहिलेली.

हे असं का झालं, ते बघायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाऊ.

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले. रोममधलं कलोसियम पाहून आपल्याकडेही असं मैदान हवं हे त्यांच्या मनात आलं, असं सांगतात. त्यातून कोल्हापूरचं खासबाग मैदान उभं राहिलं, १९१२ मध्ये ते खुलं झालं. मधे खोलगट आखाडा, सभोवती उतरती बैठक, कुठेही बसा, कुस्ती दिसणारच. महाराजांनी मल्ल पोसले, तालमींना बळ दिलं. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही नावं आजही पैलवान लोक देवळाच्या नावासारखी घेतात. याच राजाने १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. म्हणजे शाळा आणि आखाडा, दोन्हींमागे एकच माणूस. पण दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी वाढल्या, एकमेकींत फारशा मिसळल्या नाहीत. पोरगं सकाळी तालमीत घाम गाळायचं, मग शाळेत येऊन बाकावर पेंगायचं. मास्तरांना आखाड्याचं कौतुक नाही आणि वस्तादांना वहीचं नाही.

या दोन जगांची गाठ जिथे नीट पडली, ते उदाहरण म्हणजे खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म १५ जानेवारी १९२६. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, तेव्हा माती घरातलीच. पण शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. तिथला एक किस्सा प्रसिद्ध आहे. कॉलेजच्या स्पर्धेत नाव द्यायला गेले, तर क्रीडाशिक्षकांनी अंगकाठी बघून नाही म्हटलं. खाशाबा थेट प्राचार्य खर्डीकरांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या किरकोळ पोराने एकामागून एक गडी पाडले.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते फ्लायवेट गटात सहावे आले. ध्यानात घ्या, मातीत वाढलेला माणूस, मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवे. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. गावाने वर्गणी काढली आणि खर्डीकरांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार! आज आपण एखाद्या क्राउडफंडिंगच्या लिंकवर पाचशे रुपये टाकतो नि दोन दिवस स्वतःची पाठ थोपटतो. असो.

हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराड स्टेशनवरून १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. यानंतर वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडलं, लिएंडर पेसचं टेनिसमधलं. कुस्तीतलं पुढचं पदक तर थेट २००८ मध्ये, सुशील कुमारचं. आणि खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४ मध्ये ते गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

मला जास्त खुणावतो तो त्या गटातला सुवर्णविजेता, जपानचा शोहाची इशिई. खाशाबांना त्याने हरवलं. त्यानंतर विश्रांती न देता त्यांना रशियन मल्लाशी लढायला लावलं आणि आक्षेप घ्यायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता, असं सांगितलं जातं. आता इशिई कुठून आला ते बघा. तो मुळात ज्युदोवाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी ताब्यातल्या जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली, तेव्हा तो कुस्तीकडे वळला. वळायला कुस्ती जागेवर होती, कारण इचिरो हात्ता नावाच्या ज्युदोपटूने १९३१ सालीच वासेदा विद्यापीठात कुस्तीचा क्लब काढून ठेवला होता. त्याआधी विद्यापीठाचा ज्युदो संघ अमेरिकेत गेला होता आणि तिथल्या विद्यापीठाच्या कुस्तीगीरांकडून मार खाऊन आला होता. आमच्या भाषेत सांगायचं तर एका कॅम्पसवरचा पायलट. वीस वर्षांनी हेलसिंकीत जपानला एकच सुवर्ण मिळालं, ते कुस्तीतलं.

जपानकडे कुस्तीची परंपरा नव्हती, ज्युदोची होती. ते होतं त्यावरून पुढे गेले. आपल्या किनाऱ्यालाही तसंच जावं लागेल, असं मला वाटतं.

घाटावर जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांनी सुरुवात, मग शंभर रुपये, मग हजार, शेवटी मोठी इनामाची जोड. पोराला हरण्या-जिंकण्याची सवय तिथे लागते. आपल्याकडे जत्रेची रात्र दशावताराची. नारळ म्हणाल तर वाट्टेल तेवढे, पण नारळी पौर्णिमेला आपण नारळच एकमेकांवर लढवतो! त्यात दूध-खुराक पोसणारा राजा नाही, कमावता पुरुष मुंबईला, आणि पावसाळ्यात मातीचा आखाडा कोरडा ठेवायचा कुठे? म्हणून इथे आधी तालीम, मग कुस्ती, असा क्रम जमणारच नाही. इथे पोरं आहेत, शाळा आहेत आणि गावोगाव कबड्डी आहे.

कबड्डीतली पकड करणारा पोरगा पाय धरणं, कंबर धरणं, तोल मोडणं हे सगळं आधीच करत असतो. रापण ओढणाऱ्या घरातल्या पोराची मनगटं बघा एकदा. शिवाय कुस्तीत वजनगट असतात. कबड्डीच्या संघात ज्याला 'बारीक हा रे' म्हणून बाजूला बसवतात, त्याला इथे त्याच्याच वजनाचा गडी मिळतो. खाशाबा याच बारीकपणामुळे बाहेर राहणार होते, हे विसरू नका.

माझा मावसभाऊ अशा बाजूला बसवलेल्यांपैकी होता. त्याला आठवीत कुस्तीचं वेड लागलं, यूट्यूबवर डाव बघून गादीवर सराव करायचा. जवळ शिकवणारं कुणी नाही. 'कोल्हापूराक धाड' म्हणाले काही जण. तेराव्या वर्षी पोराला घाट चढवून तालमीत ठेवायचं, कुठल्या आईला जमेल? तो आता बारावीला आहे, जिममध्ये जातो. कुस्तीचं नाव काढत नाही.

शाळेत कार्यक्रम सुरू करायला लागतं काय? एक मॅट, तिचा खर्च लाखांत जातो आणि खाऱ्या दमट हवेत तिची निगा ठेवावी लागते, म्हणून प्रत्येक शाळेने घेण्यापेक्षा तालुक्याला एक बरी. दहा-बारा पोरं. आणि पडायचं कसं, मान कशी सांभाळायची, हे आधी शिकवणारा शिक्षक. डाव नंतर. सगळ्यात अडतं ते या शिक्षकापाशी. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये निघालं आणि तिथून तयार झालेले शिक्षक कुठल्या कुठल्या शाळांत पोचले. जे झालं ते माणसं तयार करून झालं, नुसतं सामान वाटून नाही.

आणि मुली. ऑलिम्पिकमध्ये महिला कुस्ती २००४ ला आली, महाराष्ट्र केसरी पुरुषांची १९६१ पासून आणि महिलांची पहिली २०२३ मध्ये, सांगलीला. प्रतीक्षा बागडी जिंकली. म्हणजे मुलींच्या कुस्तीत घाटावरचेही अजून फार पुढे गेलेले नाहीत. मला विचाराल तर मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या शाळांनी सुरुवात मुलींपासूनच करावी. विभागाला समोर तीन पिढ्यांची तालीम उभी असण्याची शक्यता तिथे सगळ्यात कमी आहे.

तुमच्या शाळेत कुणी असा प्रयत्न केला असेल, चालला असेल किंवा बंद पडला असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. बंद पडलेल्यांच्या आधी ऐकणार आहे. पुढच्या भागात रापण. भेटू.