मनोहरगडाची चढण

मे महिना, साल 1667. पहाटेच गावातून निघालात, तरी पहिल्याच चढणीला घाम फुटला आहे. तुमच्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर उकड्या तांदळाची पाटी. थोरल्याच्या खांद्याला सुकटाची पोटली, धाकटीच्या ओच्यात वाटेवरची करवंदं. पाय अनवाणी, त्यामुळे कातळ तापायच्या आत वर पोचायला हवं. मिरग तोंडावर आला आहे. एकदा पाऊस लागला की या वाटेचा ओहोळ होतो. म्हणून तांदूळ, मीठ, लाकूडफाटा आत्ताच वर न्यायचा, छपरं आत्ताच शाकारून घ्यायची.

"आये, पाय दुखतत गो."

"वायच बस. पाणी पी नि मगे चल."

यंदा वाटेवर राबता जास्त आहे. दर वळणावर पहारेकरी हटकतात, कारण शिवाजी महाराज गडावर मुक्कामाला आहेत. गेल्या वर्षी याच दिवसांत, 12 मे 1666 ला, ते आग्र्याला औरंगजेबाच्या दरबारात उभे होते. 17 ऑगस्टला तिथून निसटले. पुरंदरच्या तहात 23 किल्ले गेले आहेत, पण कोकणात काम थांबलेलं नाही. मालवणच्या कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 ला ज्याचा पाया घातला, तो सिंधुदुर्ग याच वर्षी पुरा होतो आहे. तिकडे दर्यावर नवा कोट उभा राहतो आहे आणि इकडे सह्याद्रीच्या कुशीत, झाडीने वेढलेल्या या कड्यावर, राजा पुढचा विचार करतो आहे.

झाडी संपते आणि कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात. उंच आहेत. एक हात पाटीला, दुसरा कातळाला. धाकटीला पायरी चढवत नाही. थोरला वर जाऊन हात देतो आणि तिला ओढून घेतो. शेजारी, खिंडीपलीकडे, मनसंतोषगडाचा सुळका उभा आहे. दरवाजातून आत शिरता तेव्हा कुणाच्या तरी चुलीवर पेज रटरटत असते. लोक याला किल्ला म्हणतात. तुमचं मात्र हे घर आहे.

आता 1844 मध्ये या. वाट तीच, पायऱ्या त्याच. गडकऱ्यांच्या पिढ्या गडाच्या राखणीवर आणि त्याबद्दल मिळालेल्या वतनी जमिनीवर जगत आल्या आहेत. पण घाटावर कोल्हापूर संस्थानात इंग्रजांच्या पाठिंब्याने दाजी कृष्ण पंडित कारभार पाहू लागले आहेत आणि गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या हाताखाली चालल्या आहेत. सामानगड आणि भुदरगडाच्या शिबंदीने दरवाजे लावून घेतले. ते लोण घाट उतरून सावंतवाडीत आलं. इथला कारभार 1838 पासून इंग्रजांकडेच आहे. इथले सरदार फोंड सावंत तांबुळकर बंडात उतरले आणि मनोहरगड बंडवाल्यांचा आसरा झाला. मागावर कर्नल आउट्रॅमची फौज आहे.

जानेवारी 1845. गड पडतो. हाती सापडले नाहीत ते जंगलातून पोर्तुगिजांच्या गोव्याकडे निघतात. तुम्ही मुलांना घेऊन गड उतरता. या खेपेला डोक्यावर तांदूळ नाही, पाटा-वरवंटाही वरच राहिला आहे.

"परत कधी येवचा?" धाकटी विचारते. कुणी उत्तर देत नाही.

पुन्हा इथे कुणी पाय रोवू नये म्हणून इंग्रज तोफा डागून वाट आणि पायऱ्या फोडतात. मनसंतोषगडाची वाट तर अशी तुटते की तिथे चढायला दोर लागू लागतो.

आणि आता आजच्या हिवाळ्यातली रविवारची सकाळ. शिवापूरला गाडी लावून तुम्ही घरच्यांबरोबर गड चढता आहात. पाठीवर पाण्याच्या बाटल्या, डब्यात घावणे, सोबत गावातला एक वाटाड्या. झाडी संपते आणि फुटक्या पायऱ्या लागतात. लेक म्हणते, "किती वाईट वाट आहे, बाबा!"

तिथेच थांबा. तिला बसवा, पाणी द्या आणि सांगा की ही वाट नुसत्या पावसाने झिजलेली नाही, ती फोडलेली आहे. इथे घरं होती, चुली होत्या, तिच्याएवढी मुलं याच पायऱ्यांवरून वर-खाली करत होती. त्यांच्या पोटावर गदा आली म्हणून माणसं उठली, आणि ती पुन्हा उठू नयेत म्हणून त्यांच्या घरी जायची वाटच मोडली गेली. राजा इथे राहिला हे पाटीवर लिहिलेलं सापडेल. गडकऱ्यांच्या संसाराची गोष्ट मात्र कुणी तरी चढता चढता सांगितली तरच पुढच्या पिढीपर्यंत जाईल. ते काम आपलं आहे, आणि ते करायला या चढणीइतकी चांगली जागा दुसरी नाही.