इंदिरानगरची हवा आणि ‘रिच’ इंजिनाचे निदान

बंगळुरूच्या इंदिरानगरमधील अनेक पत्त्यांत आजही ‘एचएएल सेकंड स्टेज’ असे लिहिले जाते. हे नाव ज्या विमान कारखान्यावरून आले, ती ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने डिसेंबर १९४० मध्ये स्थापन केली. १९४४ मध्ये त्यांनीच ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि तिचाच वारसा सांगणारी पद्मिनी बाहेर पडली. विमान आणि मोटार या दोन्ही यंत्रांपुढे एकच प्रश्न होता: हवा विरळ झाली, तर पेट्रोल किती द्यायचे?

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. त्याहून कमी हवा मिळाली, तर मिश्रण ‘रिच’ झाले असे म्हणतात. अशा वेळी पेट्रोल अर्धवट जळते, धुराड्यातून काळा धूर आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो व गाडी जास्त पेट्रोल पिते. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तेथे दाब घटतो आणि त्या ओढीने बारीक छिद्राच्या जेटमधून पेट्रोल वर येते. मात्र कार्ब्युरेटरला हवेचे वजन कळत नाही. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि तेथील हवा मुंबईपेक्षा साधारण ८ ते ९ टक्के विरळ असते. हवा जितकी घटते, तितके पेट्रोल घटत नाही. ते घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. त्यामुळे मुंबईत अचूक जुळवलेला कार्ब्युरेटर बंगळुरूत ४ ते ५ टक्के रिच होतो. त्यात एकही भाग बिघडलेला नसतो.

विमानविद्येने हे फार लवकर ओळखले होते. पिस्टन इंजिनाच्या विमानात सामान्यतः मिश्रण पातळ करण्याचा स्वतंत्र दांडा असतो आणि उंची वाढेल तसा वैमानिक तो मागे घेतो. कोल्हापूर परिसरात जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली याच एचएएलमध्ये ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान आकाराला आले आणि १९५१ मध्ये त्याने पहिले उड्डाण केले. ते विमानही पिस्टन इंजिनाचेच होते. कारखान्याच्या कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर धावणाऱ्या मोटारींना मात्र असा दांडा नव्हता. तेथे ते काम मेकॅनिकच्या नाकाला, डोळ्यांना आणि तर्काला करावे लागे.

त्या तर्कालाही एक शिस्त होती. गाडी केवळ मंद गतीला रिच चालत असेल, तर संशय फ्लोट आणि नीडल व्हॉल्व्हवर जाई. भोक पडलेला पितळी फ्लोट बुडतो, पेट्रोलची पातळी वर चढते आणि ते आपोआप गळ्यात झिरपते. वेग वाढल्यावर काळा धूर वाढत असेल, तर एअर फिल्टर चोंदलेला किंवा मुख्य जेट झिजलेला असण्याची शक्यता अधिक. इंजिन तापल्यावरही पेट्रोलचा वास टिकून राहिला, तर चोकची तार पूर्ण मागे सरकते का, हे आधी पाहिले जाई. ही सर्व कारणे निकालात निघाल्यावरच लहान जेट बसवणे योग्य ठरे. घाईने जेट बदलला, तर फुटका फ्लोट तसाच राही.

पुराव्याचे काम स्पार्क प्लग करी. इंदिरानगरपासून काही किलोमीटरवरच्या आडुगोडी येथे ‘मायको’ कंपनीच्या कारखान्यात असे प्लग तयार होत. फिकट तपकिरी टोक मिश्रण ठीक असल्याचे सांगे, कोरडी मखमली काजळी रिच मिश्रणाकडे बोट दाखवी, तर तेलकट काळेपणा झिजलेल्या रिंगांचा असे. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये मंद गतीला चारचाकीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ३ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. तोवर नाकाने ओळखला जाणारा दोष आता आकड्यात आला.

याच मायकोच्या मूळ जर्मन कंपनीने, बॉशने, १९७६ मध्ये धुरातील ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर बाजारात आणला. भारतात २००० सालापासून देशभर युरो-१ च्या धर्तीचे निकष लागू झाले आणि नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर मागे पडत गेला. विमानातील दांड्याचे काम आता संगणक सेकंदाला अनेकदा करू लागला.

तरीही निदान संपले नाही. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, तर न वापरलेला ऑक्सिजन थेट धुरात येतो. सेन्सर त्यावरून मिश्रण पातळ असल्याचे कळवतो आणि संगणक आणखी पेट्रोल सोडतो. अशा रीतीने मोजमाप बरोबर असूनही इंजिन रिच होते. सेन्सर ऑक्सिजन मोजतो. तो कोठून आला, हे शोधण्याचे काम माणसाकडेच राहते. म्हणूनच जुन्या पद्मिनीच्या मेकॅनिकची शिस्त आजही उपयोगी आहे: आधी हवा, मग इंधन, मग ठिणगी, आणि एका वेळी एकच बदल.