सात फुटी बोट, दहा फुटी संसार

आपल्याकडे कालवा म्हटलं की शेताचं पाणी आठवतं. पाळी कधी येणार, पाट कुणी फोडला, हेच आपलं बोलणं. इंग्लंडातले कालवे मात्र माल वाहण्यासाठी खणले. वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेणारा ब्रिजवॉटर कालवा 1761 मध्ये सुरू झाला आणि शहरात कोळसा जवळपास निम्म्या भावानं मिळू लागला. मग ठिकठिकाणी कालवे झाले. आता त्यांवर सुट्टीला आलेली माणसं भाड्याच्या बोटीतून फिरतात. तिकडे राहणाऱ्या लेकी-सुना आईवडिलांनाही घेऊन जातात, म्हणून अशा बोटीवर काय वाट्याला येतं ते आज सांगणार आहोत. मात्र तिथं आधी संसार करून गेलेल्या बायकांना वगळून ते सांगता येत नाही.

बोट 70 फुटांपर्यंत लांब असते, पण रुंदी जेमतेम 7 फूट. आत एका ओळीत ओटा, टेबल, न्हाणी, बिछाने. एकीला पलीकडे जायचं तर दुसरीनं अंग चोरायचं. कित्येक बोटींत रात्री टेबल खाली करून त्यावरच गादी टाकतात. पाण्याची टाकी काठावरच्या नळावर आपणच भरायची, तेव्हा भांडी विसळताना हात आखडता. संडासाची टाकीही ठरल्या ठिकाणी रिकामी करून घ्यावी लागते.

आठवडाभर याची गंमत वाटते. पण 1840 नंतर रेल्वेनं धंदा पळवला, भाडी उतरली, आणि बऱ्याच नावाड्यांना काठावरच्या घराचं भाडं परवडेना. बायकामुलं बोटीवर आली. मालाला जागा हवी, म्हणून घराच्या वाट्याला मागची खोली: लांबी सुमारे 10 फूट. तिथंच चूल, तिथंच कपाटातून उघडणारा पलंग, तिथंच बाळंतपण. कपाटाचं दार खाली पाडलं की टेबल. भिंतीवर लेसच्या काठाच्या बशा, पितळी गोळे लखलखीत, दारावर गुलाब आणि किल्ले रंगवलेले. कोळशाच्या धुळीत एवढं नेटकं ठेवायचं म्हणजे काय, हे चुलीवर हात काळे केलेल्या बाईला वेगळं सांगायला नको!

बोट चालवायला परवाना लागत नाही. निघण्यापूर्वी कंपनीचा माणूस शिकवतो. सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की बोटीचं नाक डावीकडे वळतं. वेग ताशी 4 मैलांच्या आत, म्हणजे माणसाच्या चालीचा.

खरी मेहनत लॉकची. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. चढताना बोट हौदात घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, लोखंडी हँडलनं वरच्या बाजूची झडप उचलून पाणी आत सोडायचं. पाणी बरोबरीला आलं की पाठ टेकवून पुढचा दरवाजा ढकलायचा. उतरताना बोट मागच्या दगडी उंबऱ्यापासून पुढेच राहिली पाहिजे, नाहीतर पाणी उतरल्यावर मागचा भाग अडकून ती कलंडते. टार्डेबिगला अशी 30 लॉक ओळीनं आहेत.

हे काम बहुधा बायकामुलंच करत. दोन बोटींची जोडी असे. पुढच्या बोटीला इंजिन, मागचीचं सुकाणू बाईच्या हाती. पैसे मात्र मालाच्या टनांवर, आणि तेही नवऱ्याच्या हातात. पोरांना शाळा कुठली? आज या गावी, उद्या त्या. जॉर्ज स्मिथ नावाच्या सुधारकानं ओरड केली, तेव्हा 1877 आणि 1884 मध्ये कायदे झाले. खोलीत किती माणसं झोपावीत ते ठरलं, बोटींची नोंद झाली. तरी कित्येक बायका निरक्षरच राहिल्या.

दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा शहरी, शिकलेल्या तरुणींना हे काम शिकवून बोटींवर पाठवलं. त्यांच्या बिल्ल्यावर ‘आय. डब्ल्यू.’ ही अक्षरं होती. ती अंतर्गत जलमार्गांची, पण लोकांनी थट्टेनं त्यांचा अर्थ ‘आळशी बायका’ असा लावला. त्यांपैकी सुसान वूल्फिट यांनी 1947 मध्ये आणि एमा स्मिथ यांनी 1948 मध्ये पुस्तकं लिहिली. चांगलंच झालं. पण पिढ्यान्‌पिढ्या तेच काम केलेल्या बाईचं स्वतःच्या हातचं पुस्तक शोधायला गेलं तर हाती फार थोडं लागतं, ही बोच आम्हाला राहते.

स्टोक ब्रुअर्न गावी सिस्टर मेरी वॉर्ड या परिचारिकेनं कालव्याकाठच्या घरातच बोटीवरच्या लोकांसाठी दवाखाना चालवला. पुढे 1962-63 च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि उरलीसुरली मालवाहतूक बसली. कुटुंबं काठावर राहायला गेली. 1963 मध्ये त्याच गावात कालव्यांचं संग्रहालय उघडलं. ते पाण्याला लागूनच आहे. भाड्याची बोट काठाला बांधून आत जाता येतं.