घराचा मक्तेदार आणि इतिहासाची साक्ष



‘घर पहावें बांधून’ असें आपले वडील सांगत आले. परंतु बांधलेलें घर उकलून सुधारणें हें नवें घर बांधण्याहूनही अवघड, ही गोष्ट त्या म्हणींत आलेली नाहीं. नव्या घराचा पाया धन्याच्या डोळ्यांदेखत भरला जातो. जुन्या भिंतीच्या पोटांत काय आहे, हें मात्र पहार लागल्यावांचून कळत नाहीं. म्हणून अशा कामांत गृहस्थाचा सारा भरंवसा मक्तेदारावर असतो, आणि पुष्कळदां आयुष्यभराची शिल्लकही त्याच्याच हातीं जाते. हा भरंवसा कशाच्या आधारावर ठेवावा? प्रश्न आजकालचा नव्हे. निरनिराळ्या काळच्या शहाण्या लोकांनीं त्याचीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत. त्यांतील चार आज आपणांपुढें ठेवतों.

पहिलें उत्तर बाबिलोनचा राजा हम्मुराबी याचें. इ. स. पूर्वीं अठराव्या शतकांत त्यानें आपले कायदे शिळेवर कोरविले. ती शिळा फ्रेंच संशोधकांना इ. स. १९०१-०२ च्या सुमारास इराणांतील सुसा येथें सांपडली व आज ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. तींत घर बांधणाराची मजुरी ठरवून दिली आहे : दर ‘सर’ क्षेत्रास दोन शेकेल चांदी. आणि त्याच्या पुढेंच शिक्षा आहे. घर कोसळून धनी मेला तर बांधणारास देहान्त. धन्याचा मुलगा मेला तर बांधणाराच्या मुलास देहान्त! निरपराध पोराचा जीव घेणाऱ्या या न्यायानें आपल्या अंगावर कांटा उभा राहतो. तथापि त्याच शिळेवर एक शहाणपणाचें कलमही आहे : भिंत कलली तर बांधणारानें ती स्वतःच्या खर्चानें मजबूत करावी. भीतीचा भाग सोडला, तर दोष काढून देण्याची जबाबदारी कामगिरीबरोबरच संपत नाहीं, हें तत्त्व येथें स्पष्ट दिसतें.

दुसरें उत्तर एफेसस या ग्रीक नगराचें. रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस यानें आपल्या ग्रंथाच्या दहाव्या पुस्तकाच्या प्रारंभीं तें सांगितलें आहे. तेथें सार्वजनिक काम पत्करणारानें अगोदर खर्चाचा अंदाज द्यावयाचा, आणि काम पुरें होईपर्यंत त्याची मालमत्ता सरकाराकडे तारण रहावयाची. खर्च अंदाजाइतका झाला तर त्याचा सन्मान होई. चतुर्थांशापर्यंत वाढला तर वाढीव रक्कम सरकार भरी. त्याहून अधिक वाढला, तर ती त्याच्या मालमत्तेंतून वसूल करीत. असाच कायदा रोममध्यें खासगी घरांनाही लागू असता तर बरें झालें असतें, असें विट्रुव्हियस म्हणतो. कारण खर्च हाताबाहेर जाऊन कित्येकांना घर अर्धवट टाकावें लागे. दोन हजार वर्षें लोटलीं, पण ही तक्रार आजही जशीच्या तशी ऐकूं येते.

तिसरें उत्तर आपल्या घरचें आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं उजेडांत आणून इ. स. १९०९ मध्यें छापली. त्यांतील चौथ्या अधिकरणांत कारागिरांविषयीं नियम आहेत. काम, जागा आणि मुदत ठरवूनच कारागिरानें काम करावें. मुदत टळली तर चौथाई वेतन कापावें व त्याच्या दुप्पट दंड करावा. सांगितल्याहून वेगळेंच काम केलें, तर सर्वच वेतन बुडालें व वर दुप्पट दंड. मात्र आपत्तीमुळें वस्तूची हानि झाली, तर तिचा बोजा त्याच्यावर घालूं नये. ही शेवटची सवलत महत्त्वाची आहे, कारण तींत कारागिरालाही न्याय आहे.

चौथें उत्तर इंग्लंडचा विख्यात शिल्पज्ञ सर ख्रिस्तोफर रेन याचें. मला तें सर्वांत मोलाचें वाटतें. ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयाचा दरवाजा दीडशें वर्षें अपुरा राहिला होता. त्यावर मनोरा चढवावयाचा होता. म्हणजे तेंही जुन्यावर नवें असेंच काम. इ. स. १६८१ मध्यें रेननें तेथील प्रमुख बिशप फेल यांस लिहिलें कीं, काम देण्याच्या तऱ्हा तीन : रोजंदारीनें, मापावर आणि उक्तें. रोजंदारींत माणसें केव्हां आळसावतात हें कळतें. मापावर दिलें तर प्रत्येक बाब उजेडांत येते. उक्त्यांत सौदा पक्का होतो खरा. परंतु रोजच्या सरावाचें काम नसलें तर मक्तेदार स्वतःचेंच नुकसान करून घेतो, आणि तें ध्यानांत येतांच टाळाटाळ करून काम हलकें करतो. म्हणून काम मापावर द्यावें, चढत जाईल तसें तीनचार वेळां मोजावें व मोजणारा माणूस जाणता आणि इमानी असावा, असा त्याचा सल्ला होता. गवंडी म्हणून त्यानें सुचविलेला ख्रिस्तोफर केंप्स्टर हाही पूर्वीं त्याच्या हाताखालीं काम केलेला होता. रेननें कीर्तीवर विसंबून माणूस निवडला नाहीं. त्याचें काम स्वतः पाहिलें होतें.

या पत्राची सत्यता मीं एका परिचित विधवा बाईंच्या घरीं पाहिली. त्यांनीं माडीची दुरुस्ती सर्वांत कमी आंकडा सांगणाऱ्यास उक्ती दिली. भिंत उकलल्यावर तुळईचें टोक कुजलेलें निघालें. नवी तुळई घालावी तर मक्तेदार बुडत होता. त्यानें वरून गिलावा करून तें झांकलें. श्रावणांत माडी खचली. जीव वाचले, पण बाईंची पुंजी दुसऱ्यांदा खर्चीं पडली. तो माणूस मुळांत लबाड होता असें मला वाटत नाहीं. पण लबाडीवांचून सुटका नाहीं असा तो सौदा होता.

तेव्हां या चार साक्षींतून गृहस्थानें काय घ्यावें? हम्मुराबीची क्रूरता टाकून त्याचें दोषनिवारण घ्यावें. कांहीं रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातीं ठेवावी. एफेससचा चतुर्थांश लक्षांत ठेवून तेवढी शिल्लक अगोदरच बाजूस काढावी. कौटिल्याप्रमाणें काम, माल आणि मुदत कागदावर लिहावी. अडचण खरी असेल तर मुदत वाढवावी. आणि रेनप्रमाणें झांकलेल्या भागाचें काम मापावर द्यावें, मोजून मगच हप्ता द्यावा. फरशी, रंग यांसारखें सरावाचें काम उक्तें दिलें तरी चालेल. मक्तेदार ठरविण्यापूर्वीं त्यानें केलेलें, दोनतीन पावसाळे खाल्लेलें एखादें घर पहावें व त्या घरच्या मंडळींशीं बोलावें. सर्वांकडून एकाच यादीवर अंदाज मागवावे. फारच कमी आंकडा दिसला तर आनंद मानण्यापूर्वीं कारण विचारावें.

आपल्याकडे इ. स. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें नव्या इमारतींतील बांधणीच्या दोषांची जबाबदारी विकासकावर पांच वर्षें ठेवली आहे. स्वतःच्या घराच्या दुरुस्तींत ग्राहक आयोगाकडे दाद मागतां येते. पण तेथेंही न्याय मिळण्यास हातीं कागद लागतो.

मक्तेदाराच्या चेहऱ्यावरून त्याची सचोटी ओळखतां येईल, असें इतिहास कोठेंच सांगत नाहीं. सचोटीनें वागणें ज्यास परवडेल असा करार करणें, एवढें मात्र आपल्या हातीं आहे. आणि बहुतेक माणसें तेवढ्यानें सचोटीनें वागतात.