कोकणातील विंचूदंश आणि हृदयालेख : एक ऐतिहासिक मागोवा

दापोली तालुक्यातील मुरुडपासून रायगड जिल्ह्यातील महाडपर्यंतच्या कोकणपट्टीत लाल विंचवाचा दंश दीर्घकाळ प्राणघातक ठरत आला. विंचू उतरविणारा मांत्रिक हाच बहुतांश खेड्यांचा आधार होता. १९६१ मध्ये डॉ. मुंडले यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये कोकणातील ७८ रुग्णांची नोंद केली. त्यांपैकी २३ दगावले होते.

हे विष मज्जातंतूंमधील सोडियमच्या वाहिन्या उघड्या ठेवते. परिणामी विद्युत्‌संदेश थांबत नाहीत, अॅड्रेनॅलिनसदृश द्रव्ये रक्तात उसळतात आणि हृदय थकते. विलेम आइंथोव्हेन (नोबेल पारितोषिक, १९२४) यांनी पी, क्यू, आर, एस, टी अशी नावे दिलेल्या लहरींत ही हानी उमटते. इस्राएलमधील गुएरॉन व सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये विंचूदंशाच्या रुग्णांत हृदयविकाराच्या झटक्यासारखे आलेख नोंदविले.

तथापि आलेख हानीची साक्ष देतो, उपचार देत नाही. शिवाय खेड्यात यंत्र हाताशी असेलच असे नाही. महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मधून ओकारी, दरदरून घाम, गार हातपाय इत्यादी पूर्वलक्षणांचे महत्त्व मांडले आणि १९८६ मध्ये प्राझोसिनचा उपयोग प्रसिद्ध केला. सुमारे ३० टक्के असलेले मृत्युप्रमाण त्यानंतर १ टक्क्यापर्यंत उतरल्याची नोंद आहे.

सारांश, यंत्राने रोगाचे स्वरूप उलगडले. परंतु रुग्णाच्या उशाशी केलेल्या निरीक्षणाने ते ज्ञान खेड्यातील रुग्णाच्या उपयोगी पडले. ग्रामीण वैद्यकाच्या इतिहासात या निरीक्षणाचे स्थान प्रयोगशाळेच्या बरोबरीचे मानावे लागते.