तयारी कुणाची मोजायची?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि थोड्याच दिवसांत देशभरातल्या विद्यार्थ्यांपुढे प्रश्नावल्या येऊ लागल्या. स्मार्टफोन आहे का, रेंज मिळते का, स्वतःहून अभ्यास करण्याची सवय आहे का, असे प्रश्न त्यांत होते. ऑनलाइन शिक्षणासाठी विद्यार्थी कितपत तयार आहे, हे उत्तरांवरून ठरायचे. तयारी ही विद्यार्थ्याने घरून आणायची वस्तू आहे, असे त्यामागे गृहीत होते. वर्गाबाहेरच्या उच्च शिक्षणाचा आपल्याकडचा इतिहास मात्र निराळे सांगतो. ज्या संस्थांनी तयारी करून घेणे हे आपलेच काम मानले, त्यांच्याकडे अगदी अर्धवट शिकलेली माणसेही पदवीपर्यंत पोचली.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे परीक्षा घेणारी संस्था म्हणून. शिकवायचे कॉलेजांनी, विद्यापीठाने पेपर काढायचे आणि पदव्या द्यायच्या. पुढे बहिःस्थ विद्यार्थी ही सोय आली तीही याच वळणाची: फॉर्म भरा, फी भरा, गाइड मिळवा, परीक्षेला बसा. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला, मुंबईने १९७१ मध्ये. आता निदान पाठ टपालाने घरी येऊ लागले. पण पाकीट पोस्टात पडले की विद्यापीठाची जबाबदारी बरीचशी संपायची. पाठ कळला नाही तर दोष वाचणाऱ्याचा.

हे वळण बदलण्याचा महाराष्ट्रातला गंभीर प्रयत्न १९८९ मध्ये नाशिकला झाला. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, म्हणजे जुनी व्यवस्था त्यांनी आतून पाहिलेली होती. बारावी न झालेल्यांसाठी या विद्यापीठाने चक्क ‘पूर्वतयारी’ नावाचाच शिक्षणक्रम ठेवला. तुमची तयारी आहे का, असे विचारून माणसाला दारातून परत पाठवण्याऐवजी आधी तयारी करून घ्यायची आणि मग पदवीच्या वर्गात बसवायचे, असा तो विचार होता. पाठ्यपुस्तकेही एकट्याने वाचणाऱ्यासाठी लिहिली गेली. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे आणि मध्ये मध्ये स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, म्हणजे आपल्याला किती कळले हे वाचणाऱ्याने स्वतःच ताडून पाहावे. त्याशिवाय गावोगावच्या कॉलेजांतून अभ्यासकेंद्रे होती, संपर्कसत्रे होती आणि अडलेले विचारायला समंत्रक होते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद असलेल्या विद्यापीठालाही घराबाहेर बसण्याची एक जागा लागलीच, ही गोष्ट पुढे तंत्रज्ञानाच्या उत्साहात पार विसरली गेली.

तंत्रज्ञानाचा अनुभवही याला दुजोरा देतो. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम पोचवले गेले, तेव्हा टीव्ही संच गावाला सामाईक दिला होता आणि तो बिघडला तर दुरुस्त करण्याची व्यवस्थाही प्रयोगाचाच भाग होती. कुणाच्या घरी टीव्ही आहे, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. उलट १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी वर्गाचे कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले ते मुख्यतः इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या तालुक्याच्या विद्यार्थ्यापुढे संच असूनही तो वर्ग त्याचा झाला नाही.

यावर कुणी म्हणेल की २०२० हा आणीबाणीचा काळ होता, अभ्यासकेंद्रे उघडणार कशी? हे मान्यच आहे. पण साथ ओसरल्यावर महाविद्यालये उघडली आणि तरीही मोजमाप विद्यार्थ्याचेच चालू राहिले. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. कित्येक अभ्यासकेंद्रे नावापुरती चालली, संपर्कसत्रे ओस पडली आणि मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थीही शेवटी गाइडवरच विसंबला. पण केंद्र नीट चालत नसेल तर ते नीट चालवावे लागते. ते काढून टाकून सगळा भार विद्यार्थ्याच्या खोलीत नेऊन ठेवल्याने काय साधणार? तिसरा आक्षेप फोनचा: आता तो प्रत्येकाच्या हातात आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत ग्रामीण भागातल्या जेमतेम ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि सुमारे १५ टक्के कुटुंबांना इंटरनेट उपलब्ध होते. त्यानंतर फोन खूप वाढले, हे खरेच. पण फोनवर व्याख्यान ऐकता येते; त्याच पडद्यावर वीस पानांचा निबंध लिहायचा, तोही एकच फोन तीन भावंडांत असताना, हे वेगळे प्रकरण आहे.

म्हणून प्रश्नावली काढायचीच असेल तर ती आधी विद्यापीठांनी स्वतः भरावी. साहित्य मराठीत आहे का, अडल्यावर उत्तर देणारा माणूस नेमला आहे का, तालुक्याच्या ठिकाणी संगणक आणि बसायला जागा दिली आहे का? याची उत्तरे ‘नाही’ असतील, तर विद्यार्थ्याला नापास ठरवण्याचा अधिकार त्या विद्यापीठाला नाही.