वाऱ्याची छिन्नी

वाळवंटात वारा वाळूचे कण जमिनीलगत टप्पे खात नेतो. म्हणून तिथले खडक पायथ्याशी झिजून भूछत्रासारखे दिसतात. बॅगनॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबियाचे वाळवंट पालथे घातले आणि १९४१ साली उडत्या वाळूचे गणित पुस्तकात मांडले.

आमच्या लातूर-नांदेडकडे वाळवंट नाही. औशाजवळच्या खरोशाची लेणी माणसाच्या छिन्नीने जांभ्या दगडात कोरली. वाऱ्याची छिन्नी मी पाहिली ती १९७२ च्या दुष्काळात, उघड्या पडलेल्या रानात. वाळू टप्पे खाते, साचते, तिच्या टेकड्या होतात. मातीचा बारीक, कसदार कण मात्र हवेत तरंगत दूर जातो. तो परत येत नाही. बांधावरची बाभूळ तोडण्याआधी एवढे आठवावे.